मुख्यालयी राहतो

नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हा तुमसर रोडच्या फलाटावर बाबूजी माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. गाडी आली, माझी बॅग त्यांनीच आत ढकलली आणि खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "जेथी नोकरी करशीन तेथीच राह्यजो. आपल्या मास्तरासारखं अप-डाऊन नको करू."

मास्तर म्हणजे आमच्या करडीच्या शाळेतले गुरुजी. ते तुमसरला राहत आणि रोज मोटरसायकलने येत. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावातच राहावं, हा सरकारचा नियम. घरभाडं भत्ता त्यावरच मिळतो. तो गावात राहतो असा ठराव ग्रामसभा करायची. तो राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत असायचं, आणि सगळं गाव हात वर करायचं. बाबूजी करत नसत. "दिसत नाही तं राह्यते कसा मनू?" असं भर सभेत विचारायचे. एका वर्षी त्यांच्यामुळे ठराव अडला आणि मास्तरांचा भत्ता बंद झाला.

मी पुण्यात राहिलो. सोसायटी, मेन्टेनन्स, मुलीचे क्लास, ऑफिसातलं अर्धंमुर्धं इंग्रजी. आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत थांबलो आणि परतीच्या गाडीत मेल पाहत बसलो. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे सांगायची गरज नाही. जे मागे राहिले त्यांना सांगून उपयोग नाही.

मग सरकारला मागास जिल्ह्यांचा पुळका आला. जी मोठी कंपनी तिथे मुख्यालय नेईल तिला जमीन नाममात्र भाड्याने, मुद्रांक शुल्क माफ, विजेवरचा कर माफ, आणि वर जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे पगाराचा काही भाग परत. आमच्या कंपनीने भंडाऱ्याजवळ हायवेला काचेची दुमजली इमारत उभी केली. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांनी जिल्ह्याचं भाग्य उजळल्याचं सांगितलं. आधीच्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका जिल्ह्याचं भाग्य याच शब्दांत उजळवलं होतं. अख्ख्या कंपनीत भंडाऱ्याचा मी एकटाच सापडलो, म्हणून मला व्यासपीठावर बसवलं, भूमिपुत्र म्हटलं, फेटा बांधला. फेटा बांधणारासुद्धा पुण्याहून आणला होता. मी फेट्याखालून हसत राहिलो.

आज त्या इमारतीत एक वॉचमन आहे, एक झाडूवाली बाई आहे आणि दिवसभर चालणारे एसी आहेत. डायरेक्टर मुंबईत, हिशेब बंगळुरात, मी पुण्यात. या ढोंगाला सरकारी भाषेत समतोल विकास म्हणतात. मास्तर रात्री कुठे झोपतो याची ज्या सरकारला एवढी काळजी, त्याला त्या काचेच्या पेटीत एकदा डोकावून यायला साधा शिपाई मिळत नाही. मिळू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे. माझीही होती.

बाबूजींना मात्र सगळं खरं वाटलं. माझी बदली भंडाऱ्याला झाल्याचं मीच फोनवर सांगितलं होतं. ती फक्त कागदावर आहे, एवढं सांगायचं राहिलं. त्यांनी मागच्या खोलीला टाइल्स बसवल्या, सुनेसाठी कमोड लावलं आणि पानठेल्यावर सांगत सुटले, "आता दिलीप घरूनच जाईन हापिसले."

पुढे एचआरचा मेल आला. पगाराच्या परताव्यासाठी ग्रामपंचायतीचा रहिवासी ठराव हवा. फक्त फॉर्मॅलिटी. मी घरी फोन लावला.

"बाबूजी, मी तेथी राह्यतो असा ठराव पायजे."

"मंग ये ना राह्यले. खोली तयार हाय."

"येणं नाही होणार. काम इथूनच चालते. नुसता कागद पायजे. सारेच देऊन राहिले."

त्यांनी मागचा टीव्ही बंद केला.

"नाही देल्ला तं नोकरी जाईन का तुई?"

जाणार नव्हती. फार तर साहेब नाराज झाले असते. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

सरपंच माझा वर्गमित्र. सभा आटोपल्यावर त्याने हसत फोन केला. "झाला बे तुया ठराव. सगळ्यात पयले बाबूजीचाच हात वर."

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा बाहेरगावी गेलेले सगळे येतात. मीही गेलो. बाबूजींसोबत दुकानांतून फिरताना मास्तर भेटले. निवृत्त झालेत, काठी घेऊन चालतात. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्यावरून नजर बाबूजींकडे नेली.

"काय भाऊ, पोरगा मुख्यालयी राह्यते मने?"

बाबूजी समोरच्या दुकानातला माल बघू लागले.

"मी तं रोज येत होतो ना बापा," मास्तर म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून गर्दीत गेले.

बाबूजी थोडं पुढे चालले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वापस जायाची गाडी किती वाजताची हाय तुई?"

पुण्याच्या फ्लॅटला मी कधी घर म्हटलं नाही. घर कुठे असं कुणी विचारलं की करडी सांगायचो, आणि सांगताना ते अगदी खरं वाटायचं. आता सरकारदरबारीही तेच लिहिलेलं आहे, आणि त्याचे पैसे माझ्या कंपनीला मिळतात. पण 'माझं घर करडीला' हे आता मला बोलता येत नाही. जे वाक्य माझ्यासाठी बाबूजींना खोटं म्हणून बोलावं लागलं, ते मी खरं म्हणून कोणत्या तोंडाने बोलू?