पाइपातलं पाणी

"दोन बादल्या पाणी गटारात सोडलंस. नळ पाचव्या दिवशी येतोय, ध्यानात हाय का?" लिंबाजी न्हाणीच्या दारात उभा राहून बायकोला विचारत होता. आत सत्यभामा केस पुसत होती. पौषातली सकाळ, तिच्या अंगातून वाफ निघत होती, आणि त्याला ती वाफच जास्त खुपत होती.

सोलर बसून सव्वा वर्ष झालं. त्याआधी एकवीस वर्षं तिनं पहाटे उठून तुराट्या जाळल्या, सगळ्यांना पाणी तापवून दिलं. तेव्हा निदान स्वतःच्या अंगावर गरम पडायचं. आता लिंबाजीनं टाकी स्लॅबच्या पुढच्या टोकाला बसवून घेतलेली. मिस्त्री म्हणत होता, न्हाणीच्या वरच बसवू. पण न्हाणी मागच्या बाजूला, आणि याला टाकी अणदूरच्या रस्त्यावरून दिसायला हवी होती. त्या लांबलचक पाइपात रात्रभर पाणी गार पडतं. ते निघाल्याशिवाय गरम येत नाही, आणि सांडायचंही नाही. ते गार पाणी भांड्यांना ठेवून आंघोळीला गरम घ्यावं म्हटलं, तर टाकी लहान. तिनं गरम घेतलं की शेवटी उठणाऱ्या मुलाला, दिग्विजयला, कोमट उरतं. पारोशानं चुलीला हात लावायचा नाही हा सासूचा नेम, म्हणून पहिली आंघोळ सत्यभामाची. गार पाणीही तिचंच.

सकाळी तिची बोटं मिटत नाहीत. गार पाण्यात हात घालू नका, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. लिंबाजीनं तो कागद वाचून घडी घालून लाइट बिलाच्या मागं खोचला. आज तिनं ते पाणी मुद्दाम ओतून दिलं.

दिवाळीनंतर दिग्विजयसाठी सांगून आलेल्या सोनालीच्या घरची माणसं घर बघायला आली, तेव्हा सासूनं, सिताबाईनं, त्यांना आधी स्लॅबवर नेलं होतं. आमच्यात सुनंला जाळ घालावा लागत न्हाय, असं सांगितलं. मुलीच्या आईनं टाकीला हात लावून बघितला. सोयरीक जुळली.

"कशाला तोंड वाजवता?" बाजेवरून सिताबाई आता म्हणाली. "दोन महिन्यानं सोनाली येतीय. मग पहिली आंघोळ तिची. तुझी सुटका झाली म्हण की."

दिग्विजय मोबाइलमध्ये बघत हसला. लिंबाजीलाही ते पटलं. तो दारातून बाजूला झाला.

सत्यभामाला क्षणभर बरं वाटलं. लग्नाला किती दिवस राहिले, हेही तिनं मनात मोजलं. मग तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं टॉवेल दोरीवर टाकला आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं.

"उद्यापासून मी सगळ्यांच्या मागून आंघोळ करणार," ती म्हणाली. "पहिलं कोण करायचं ते तुमी ठरवा. चहा-भाकरी माझी आंघोळ झाल्यावर. सोनाली आली तरी ती बी माझ्यासंगं, शेवटीच."