गनीभाईपुरता निकाल

तर काल सांगत होतो, शेवंताबाईच्या झेंडूचा टेम्पो तारेच्या कुंपणापाशी अडला. वाट तिच्या सासऱ्यांच्याही आधीची. पण मधलं रान एका पुणेकरानं घेतलं आणि वाट बंद केली.

तळेगाव ढमढेऱ्यात ह्या बाईला न ओळखणारं कोणी नाही. फुलांचा भाव पाडून मागितला, की ती गिऱ्हाइकाच्या आजोबांची चिक्कूगिरी काढते. माझ्या आजोबांची दोनदा काढली आहे. तीच बाई आता डोक्यावर क्रेट घेऊन ओढ्यातून वळसा घालू लागली. निम्मी फुलं रानातच काळी पडायची. वाट खुली व्हावी म्हणून तिनं शिरूरच्या कोर्टात दावा टाकला.

अशात आठवडे बाजारात तिच्या शेजारी बसणारे पाबळचे गनीभाई, बटाटेवाले, पेढे घेऊन आले. त्यांचीही वाट अशीच अडवली होती. शिरूरला हरले, पुण्याला हरले, मुंबईच्या हायकोर्टानं मात्र अपिलात वाट खुली करून दिली. निकालाची झेरॉक्स शेवंताबाईच्या हातात ठेवून म्हणाले, "वहिनी, तुमचं काम झालंच समजा."

ती झेरॉक्स घेऊन वकीलबाईंकडं गेली. हर्षदाताईंनी शेवटचं पान वाचलं आणि चष्मा काढून समजावलं. वरच्या कोर्टाचे काही निकाल पुस्तकात छापून येतात, खालची कोर्टं त्यांचा आधार घेतात. हा छापलेला नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण न्यायाधीशांनीच शेवटी लिहिलंय, की हा निकाल याच प्रकरणापुरता, दुसरीकडं दाखला म्हणून वापरू नये.

बाईनं एवढंच धरलं, की निकाल छापला नाही म्हणून कोणाला ठाऊक नाही. आमच्याकडची रीत तशीच आहे. पाण्याची पाळी असो की जत्रेची वर्गणी, दवंडी झाल्याशिवाय ठरलेलं लागू होत नाही. एकदा दवंडी झाली, की मला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय राहत नाही.

मग काय! निकाल मराठीत करून घेतला आणि ऐन बाजारात ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर शिपाई रविराजकडून वाचून घेतला. गड्यानं शेवटची ओळही खणखणीत वाचली, पण तोवर लोक टाळ्या वाजवत होते. गिताबाई भाजीवालीनं तर जाहीर केलं, की आता पुणेकराला घरी जायलाच वाट राहायची नाही.

तारखेला आम्ही जीप भरून शिरूरला गेलो. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं. न्यायाधीश तरुण, बोलायला मऊ. त्यांनी झेरॉक्स पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. म्हणाले, ह्याचा आधार मला घेता येत नाही. वाटेचा दुसरा कागद तुमच्याकडं नाही. माझे हात बांधलेले आहेत.

गनीभाई मान खाली घालून उभे होते. दावा फेटाळला. अपिलाची मुभा आहे, असं सांगून न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, समजलं ना?"

शेवंताबाई म्हणाली, "समजलं, साहेब. गनीभाईचा न्याय गनीभाईपुरता. पर माझ्यापुरता कुठं ठिवलाय, तेवढं सांगा, म्हंजी तिथं जाती. फुलं वाळाय लागल्यात."