आत्याआजीची तिसरी

भावाच्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची शाळेतली जुनी नोंद हवी होती, म्हणून पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या शाळेत मी तिसरी खेप घातली. मुख्याध्यापक बाईंनी वाळवी लागलेलं रजिस्टर उघडलं. आजोबांचं नाव कुठेच नव्हतं. सापडली ती त्यांची थोरली बहीण, आमची आत्याआजी. तिसरी पास. शाळा सोडण्याचं कारण, 'गुरे राखण्यास'.

मला हसू आवरेना. कुठल्याही कागदावर अंगठा उठवणारी ही बाई तिसरी पास! लहानपणी मुंबईहून वडिलांचं पत्र आलं की ते मीच तिला वाचून दाखवायचे. 'पोरगी फार उनाडते, तिला अभ्यासाला बसव' ही ओळ मी बिनदिक्कत गाळायचे. पत्र संपलं की ती हमखास विचारायची, "आणि अभ्यासाचं काय लिवलंय गो? काय लिवलं नाय?" मला वाटायचं, हिच्या अंगात देवी येते.

ते पत्र माझ्या हाती यायचं ते आधीच फोडलेलं असायचं, हे मला आज त्या शाळेत बसून आठवलं. उनाड पोरीला वाचायला बसवायचं म्हणून म्हातारी खुशाल अडाणी राहिली!