अंगद सरांची अकरा हजार पावलं

अंगद सरांना कोरोनाची धास्ती होतीच, पण त्याहून जास्त ताप भागवतचा होता. दोघं एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचे, दोघांनाही शुगर, आणि सावेडीत घरंही एकाच गल्लीत. लॉकडाऊन लागला तसा भागवत गच्चीवर फेऱ्या मारू लागला आणि रोज कॉलेजच्या ग्रुपवर मोबाईलचा स्क्रीनशॉट टाकू लागला: आज सहा हजार पावलं. खाली प्राचार्यांचा अंगठा. सरांना प्राचार्यांनी दहा वर्षांत कशालाच शाबासकी दिली नव्हती.

सरांच्या पोटात दुखायचं. पण स्वतःला फेऱ्या जमत नव्हत्या, तेही उगाच नाही. गावी सोनईला थोरला भाऊ पॉझिटिव्ह निघालेला, इकडे ऑनलाइन तासाला समोर नुसते काळे चौकोन. जीव घाबरा झाला की हात फरसाणाच्या डब्यात जायचा. चालायला पाय उचलत नव्हते. पण कॉलेजच्या नोकरीत पुरावा जोडायची सवय अंगात मुरलेली असते. वृक्षारोपणाच्या चार रोपांवर चारशे झाडांची फाईल सजवणाऱ्या माणसाला पावलांचं काय एवढं? गच्चीवर लेकीचा झोपाळा होता. सरांनी त्याला मोबाईल बांधला आणि खुर्चीत बसून पायाने झोका देत राहिले. पहिल्या दिवशी नऊ हजार, दुसऱ्या दिवशी अकरा. प्राचार्यांचे दोन अंगठे आले. सरांना महिन्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सप्टेंबरात चक्कर आली म्हणून पत्नी पंकजाताईंनी सरांना दवाखान्यात नेलं. साखर तीनशे दहा.

"चालता का?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांच्या आधी पंकजाताईच बोलल्या. "रोज अकरा हजार पावलं. हे बघा, ग्रुपवर सगळं आहे."

डॉक्टरांनी मोबाईल पाहिला. "एवढं चालूनही ही साखर, म्हणजे गोळ्या पुरत नाहीत. इन्सुलिन सुरू करू. नवल आहे, तुमच्या गल्लीतल्या भागवत सरांची साखर सहा हजारांतच आटोक्यात आली."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सुई एक वेळ परवडली असती. पण भागवतपेक्षा आपलं शरीर कुचकामी ठरावं, हे काही सोसेना.

"डॉक्टर, ती पावलं झोपाळ्याची आहेत," ते मास्कआडून पुटपुटले.

डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. "मग आता पंधरा दिवस खरंच चाला. फरसाण बंद. मग इन्सुलिनचं बघू."

"चालतो. रोज सात हजार," सर म्हणाले. "फक्त झोपाळ्याचं भागवतला कळू देऊ नका."