एक आवतण टाळलं

आमच्या वडिवळ्यात आवतण टाळत नाहीत. पत्रिका आली की घरातलं कोणीतरी गेलंच पाहिजे, मग लग्न कामशेतला असो नाहीतर थेट चाकणला. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, एका दिवसात तीन तीन लग्नं उरकतात. माइकवर नाव पुकारलं गेलं, हातात नारळ पडला, की निघाले पुढच्या मांडवात. "आपुन गेलो तर लोक आपल्याकडं येत्यात," एवढंच त्यांचं शास्त्र. त्यामुळे अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांनी मला मुलाखतीला बोलावलं तेव्हा घरात प्रश्नच उरला नाही. सहा आवतणं आलीत, सहा ठिकाणी जायचं.

एमबीबीएस झाल्यावर मला तिकडे रेसिडेन्सी करायची होती, म्हणजे तीन वर्षं हॉस्पिटलात काम करत करत तज्ज्ञ डॉक्टर व्हायचं. आदल्या वर्षीही अर्ज केले होते, तेव्हा एकाही ठिकाणाहून बोलावणं नव्हतं. मुलाखती हिवाळ्यात, ऑनलाइन. मग दोन्ही बाजूंनी आपापल्या पसंतीची यादी कळवायची आणि मार्चमध्ये कळतं, एक जागा मिळाली की एकही नाही. मिळालेली जागा मग नाकारता येत नाही. डिग्रीला जितकी वर्षं उलटतात तितकं बोलावणं कमी होत जातं, म्हणून ही माझी शेवटची चांगली संधी होती. अमेरिकेसाठी अर्ज करणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सीनियर रोज बजावायचे, एकही मुलाखत सोडू नकोस, आपल्यासारख्यांनी निवड करायची नसते. ते 'आपल्यासारख्यांनी' मला पहिल्यापासून टोचत होतं.

वडिवळ्यात नेटचा भरवसा नाही, म्हणून मी मुलाखतींपुरती वलवणला मावशीकडे राहायला गेले. मावशी तिथे एका मुंबईकरांचा बंगला सांभाळते. शनिवार-रविवारी पाहुण्यांचा धुडगूस, आडवारी सामसूम. मालकांनी हॉलमध्ये बसायची परवानगी दिली होती. संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी लॅपटॉप उघडायचे. त्याआधी मावशी भिंतीवरचं हरणाचं भलंमोठं चित्र उतरवून ठेवायची आणि मुलाखत संपेपर्यंत कुकर लावायची नाही. पहिल्या तीन मुलाखती अशा पार पडल्या. बऱ्या झाल्या.

चौथ्या हॉस्पिटलाने मुलाखतीच्या आठवडाभर आधी तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांशी गप्पा ठेवल्या होत्या. हवं ते विचारा, म्हणाले. मी विचारलं, तुमच्यातलं कोणी आजारी पडलं तर त्याची ड्यूटी कोण करतं? पडद्यावर पाच चेहरे होते. त्यांतला एकजण हसून म्हणाला, इथे कोणी आजारी पडत नाही. बाकीचेही हसले. एक मुलगी तेवढी हसली नाही. तिने कॅमेरा बंद केला.

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. इंटर्नशिपनंतर मी एका खासगी हॉस्पिटलात कामाला होते. दुसरा डॉक्टर आला नाही म्हणून अंगात ताप असताना मला दीड दिवस सलग थांबवून घेतलं. घरी जाऊ का विचारलं तर मोठे डॉक्टर असेच हसले, डॉक्टर कधी आजारी पडतात का! दुसऱ्या दिवशी मी एका आजोबांच्या कागदावर इन्सुलिनचे दहाच्या जागी शंभर युनिट लिहिले. सिस्टर तो कागद घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एकदा बघता का हे?" ती बोलली नसती तर ते आजोबा गेले असते, आणि माझ्या हातून गेले असते.

दोन दिवस मी बंगल्याच्या पायरीवर बसून काढले. भीती वाटत होती. सहातली एक सोडणं हा वेडेपणा आहे, हे मलाही कळत होतं. पण तीन वर्षं त्या हसण्याखाली काढायची आणि पुन्हा एखाद्या कागदावर एक शून्य जास्त पडायचं, यासाठी मी रक्त आटवून अभ्यास केला नव्हता. तिसऱ्या दिवशी आभार मानून कळवलं, मी येत नाही. ग्रुपवर सांगितलं तर एकाने लिहिलं, माज आलाय हिला. आला होताच.

मावशीने आबांना फोन केला. तासाभरात आबा मोटरसायकलवरून हजर.

"आवतान आलेलं, आन तू न्हाई म्हनलीस?"

"व्हय."

"आगं, गेल्या साली कुत्रं इचारत नव्हतं आपल्याला. आता बोलावत्यात तर मिजास करतीस? जायाचं, बसायचं, न्हाई पटलं तर यायचं निघून."

"गेले तर मोह व्हईल, आबा. मार्चमदी घाबरून त्यांचंबी नाव यादीत घालीन. मग तीन वर्सं सुटका न्हाई."

"ते काय बी असू दे. मानसानं आवतान टाळू ने."

मग मात्र माझा पारा चढला. "आन तुमी आत्याच्या सासरचं टाळता, ते?"

त्या घरच्या पत्रिका अजून येतात आणि आबा त्या उघडतसुद्धा नाहीत. तापाने फणफणलेल्या आत्याला त्या लोकांनी भातलावणीला दिवसभर चिखलात उभं केलं होतं. आबांनी तिला घरी आणलं ते कायमचं. आमच्याकडे हा विषय कोणी काढत नाही. मी काढला, आणि काढल्याचं मला वाईट वाटलं नाही.

मावशीने चहा आणला. आबांनी बशीत ओतून सावकाश संपवला.

"नीट कळवलंस ना? आयत्या येळंला न्हाई म्हनू ने. ताट वाया जातं."

"कळवलं. माझ्या जागी दुसऱ्या कुनाला तरी बोलावतील."

"मंग ठीक," म्हणाले आणि हेल्मेट उचलून निघाले.

उरलेल्या दोन मुलाखती दिल्या. मार्चमध्ये निकाल लागला. पाचांपैकी कोणीही मला घेतलं नव्हतं. गोठ्यात जाऊन मी पोटभर रडले. ग्रुपवर 'सांगितलं होतं' सुरू झालं, तेव्हा ग्रुप सोडला. त्या चौथ्यांनी मला घेतलं असतं का? असेलही. पश्चात्ताप होतो का, असं लोक आडून आडून विचारतात. त्यांना मी सरळ सांगते, नाही होत. मी पुन्हा अर्ज भरणार आहे, आणि त्यांनी पुन्हा बोलावलं तरी तिथे जाणार नाही.

मे महिन्यात आबांबरोबर कामशेतच्या एका लग्नाला गेले होते. जेवताना शेजारच्या गावच्या एका पाव्हण्याने माझ्यासमोरच आबांना विचारलं, "पोरगी अमेरिकंला जायाची व्हती ना? काय झालं त्याचं?"

पाच ठिकाणी मला नकार मिळालाय हे आबांना चांगलं माहीत होतं. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बोलावलं व्हतं की. आमीच न्हाई गेलो."