सुट्टीत मी घरीच असणार आहे

आमच्या चोमा शहरातल्या शाळेत लुशोमो हामोंगा पहिलीचा वर्ग घ्यायची. एका वर्गात अडुसष्ट पोरं. निम्म्यांना पेन्सिल धरता येत नसे, आणि दोघंतिघं तरी दुपारपर्यंत आईच्या नावाने रडत. मी शेजारच्या खोलीत चौथीला शिकवायचे. मधली भिंत पातळ, त्यामुळे सतरा वर्षं तिचा आवाज माझ्या कानावर आहे. तिचं वय बावन्न, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. शाळेच्या आवारातल्या तीन खोल्यांत ती एकटी राहायची. एकटी म्हणजे, शाळा चालू असेपर्यंत.

एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर. शाळा बंद झाली की दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात पोरं उतरायची. धाकटी बहीण चिलेलेको लिव्हिंगस्टनला पर्यटकांच्या लॉजमध्ये कामाला होती, तिची तीन. भाऊ मुन्साका, त्याची दोन. शिवाय चुलत्यांपैकी कुणाचं ना कुणाचं एखाद-दुसरं. आम्हा टोंगा लोकांत आईच्या बहिणीला मुलं आईच म्हणतात. चिलेलेकोची पोरं लुशोमोला थोरली आई म्हणायची. आता आईला कुणी विचारून मुलं पाठवतं का? कुठल्या बसने येताहेत तेवढं कळवायचं.

एका ऑगस्टमध्ये लुशोमोला हिवताप झाला. मी भर दुपारी डोकावले, तर ही कमरेला नेसायचं चितेंगे कापड अंगाला घट्ट गुंडाळून, थरथरत, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. सात पोरं ताटल्या घेऊन भोवती बसलेली. मी तिच्या हातातला लाकडी चमचा काढून घेतला. तिने बहिणीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "माझी थोरली मैन्झा आता दहा वर्षांची आहे, ताई. तिच्याकडून करून घे ना."

मला वाटतं, तेव्हाच तिच्या मनात काहीतरी ठरलं असावं. नोव्हेंबरात, प्रगतिपुस्तकं भरताना ती एकदम म्हणाली, "या डिसेंबरात मी पोरं घेणार नाही."

"कुठे जाणार आहेस?" मी विचारलं.

"बघ, तूही तेच विचारलंस. कुठे जायचं नसेल तर नाही म्हणू नये का?" ती म्हणाली आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागली.

बहिणीला फोन केला तो माझ्यासमोरच, शाळेच्या पायरीवर बसून. फोनचा आवाज मोठा होता, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"चिलेलेको, या सुट्टीत मुलांची सोय तिकडेच कर. मला जमणार नाही."

"का गं ताई? बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग गावाला जाणार आहेस?"

"नाही. घरीच असणार आहे."

"घरीच आहेस, मग अडचण काय?"

"अडचण काही नाही. मला घरी राहायचंय. झोपायचंय. वर्षभर अडुसष्ट पोरं सांभाळते मी."

"आम्ही पण काम करतो, ताई. डिसेंबरात लॉज भरलेलं असतं, एक दिवस रजा मिळत नाही. नवरा ट्रक घेऊन उत्तरेला. तुम्हा मास्तरणींना निदान सुट्टी तरी असते."

"हो ना. मग ती मला घेऊ दे," लुशोमो म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने तो पिशवीत टाकला. म्हणाली, "आजारी आहे म्हटलं असतं तर सुटले असते. लुसाकाला लग्नाला जाते म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला खोटं का बोलायला लागावं, सांग."

मग एकेकाचे फोन सुरू झाले. मुन्साकाने विचारलं, "कुणी पुरुषबिरुष आहे का घरात? तसं असेल तर सांग बाई, आम्ही समजून घेऊ." तिने फोन आपटला. बातोकाजवळच्या गावातून म्हातारी आई बोलली, आणि ती जे बोलली ते लुशोमोने मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही आंबे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. "देवाने तुला पोटचं दिलं नाही म्हणून बहिणीचं दिलं. तेही नको झालं का तुला?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? पीठ संपलंय का विचारलं."

शाळेला सुट्टी लागली. पहिले तीन दिवस कुणी आलं नाही. तिने दाराला पडदा लावला, गादी उन्हात टाकली, दुपारी चक्क झोपली. मुन्साकाने पोरं सासुरवाडीला धाडली होती. चौथ्या दिवशी दुपारी बस कंडक्टरचा फोन आला, "बाई, तुमची तीन पोरं आणि एक गोणी स्टँडवर उतरवलीये. लवकर या, मला पुढे निघायचंय."

मैन्झा, सात वर्षांचा त्वांबो आणि चार वर्षांची लुसे. सावलीत गोणीवर ओळीने बसली होती. मैन्झाच्या हातात आईची चिठ्ठी. "ताई, राग धरू नकोस, तीनच आठवडे." लुशोमोने ती वाचली, घडी घातली आणि तिथेच बहिणीला फोन लावला. सहा वेळा. चिलेलेकोने उचलला नाही.

घरी आणून तिने पोरांना आंघोळ घातली, कापेंटा मासळी परतली, न्शिमा केली. मग माझ्या दारात येऊन म्हणाली, "उद्या सकाळच्या बसने मी यांना परत नेऊन सोडतेय. तू चल. लुसेला धरायला कुणीतरी लागेल." मी म्हटलं, आलीच आहेत तर राहू दे की. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सकाळसाठी पिशवी भरायला लागले.

तीन तासांच्या प्रवासात ती खिडकीबाहेर बघत होती. मोन्झ्याहून आलेली कोंबड्यांची टोपली तिच्या पायाशी फडफडत होती, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. लुसे माझ्या मांडीवर. कालोमोचा थांबा मागे पडल्यावर त्वांबोने विचारलं, "थोरली आई, आम्ही काही मोडलं का?"

"नाही रे बाळा. तुम्ही काही नाही केलं," ती म्हणाली. मग तिने पदरासारखी चितेंगे तोंडावर ओढली आणि लिव्हिंगस्टन येईपर्यंत काढली नाही.

लॉजच्या मागच्या फाटकाशी, जिथून नोकरमाणसं येतात-जातात, तिथे आम्ही दोन तास बसलो. चिलेलेको गणवेशातच धावत आली. फाटकावरचा पहारेकरी आणि दोन मोलकरणी बघत होत्या.

"ताई, लोकांसमोर कशाला?"

"फोन उचलला असतास तर लोकांसमोर आले नसते. मी नाही म्हटलं होतं."

"मला वाटलं, पोरं बघितलीस की विरघळशील."

"माहीत आहे. म्हणूनच पाठवलीस."

चिलेलेको रडायला लागली. "मी कुणाकडे ठेवू? मला दुसरं आहे कोण इथे?"

यावर मैन्झा सहज म्हणाली, "बाबांची बहीण आहे की. आपल्या मागच्याच गल्लीत."

लुशोमोने बहिणीकडे वळून विचारलं, "तुझी नणंद इथेच राहते? मागच्या गल्लीत?"

"तिला नाही विचारू शकत मी," चिलेलेको डोळे पुसत म्हणाली. "ती तोंडावर नाही म्हणते."

इतका वेळ लुशोमो धुमसत होती, पण आता तिचा चेहरा नुसता थकलेला दिसला. तिने गोणी बहिणीच्या पायाशी ठेवली, तिन्ही पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि चालू लागली. लुसे मागून हाका मारत होती. त्या हाका रस्त्याच्या वळणापर्यंत येत राहिल्या.

बसमध्ये ती म्हणाली, "नऊ वर्षं. नऊ वर्षं मला वाटलं, माझ्यावर जीव आहे म्हणून माझ्याकडे पाठवतात."

"जीवही असेल गं," मी म्हटलं.

"असेल. पण पाठवतात ते मी नाही म्हणत नाही म्हणून."

पुढे कळलं, नणंद कुरकुरली, पण दुपारपुरतं पोरांना बघायला तयार झाली. सकाळसाठी चिलेलेकोने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. म्हणजे सोय होती. लुशोमोची सुट्टी मात्र हवी तशी गेली नाही. ती झोपायची, पण दचकून उठायची. नाताळला आईकडे गेली, तर भावजयीने तिला खुर्ची दिली आणि पाहुणीसारखं वाढलं. आई तिच्याशी बोलली नाही. ती जेवून संध्याकाळच्या आत परत आली आणि जानेवारीत पुन्हा नवी सत्तर पोरं तिच्यासमोर बसली.

मार्च अखेरीस मधल्या सुट्टीत चिलेलेकोचा फोन आला. बोलणं फार झालं नाही. फोन ठेवून लुशोमो माझ्या वर्गात आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

"विचारत होती, एप्रिलमध्ये एक आठवडा जमेल का म्हणून. नाही जमलं तरी चालेल, म्हणाली."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं?" तिचा आवाज चढला, माझी पोरं वळून बघायला लागली. "इतकं सोपं होतं तिला विचारणं? मग इतकी वर्षं काय झालं होतं? हिवतापात काय झालं होतं?"

घंटा झाली तशी ती उठली.

त्या एप्रिलमध्ये तिन्ही पोरं आठवडाभर आली. शनिवारी सकाळी तिनेच त्यांना बसमध्ये बसवलं, कंडक्टरला लिव्हिंगस्टनचा पत्ता दोनदा सांगितला, आणि घरी येऊन दाराला कडी घातली.