हजेरीवर पारू, फरशीवर कला

जाहीर नोटीस. तमाम लातूरकरांस, त्यातही ज्यांचा पाय आजवर कधीही, कुठेही, कुणाच्याही हलगर्जीपणाने घसरला आहे अशा सर्व संबंधितांस, कळविण्यात येते की आपले दौलत वकील गेल्या महिन्यात राहत्या घरी, स्वतःच्या खाटेवर, झोपेत, कुठेही न पडता वारले. सदर मृत्यूबाबत कुणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत लेखी नोंदवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही...

माझी हरकत होती. पण त्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले," म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "कुठं पडले?" असा. ती बिचारी म्हणाली, "पडले नाहीत काका. झोपेत गेले." वकिलीच्या पहिल्या दिवसापासून मी ज्या माणसाच्या शेजारी बसलो, त्याने दारात येणाऱ्या प्रत्येकाला रामराम, जयभीम, सलाम, ज्याला जे लागू असेल ते करून झाल्यावर हाच प्रश्न विचारला होता. कुठं पडलात? जागा कुणाची? काम कुणाचं? या तीन प्रश्नांवर त्यांची सगळी वकिली उभी होती. इतर वकील जमिनीचे दावे लढवत. दौलत वकील जमिनीवर आपटलेल्यांचे लढवत.

मी सनद घेऊन त्यांच्याकडे आलो तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. जिल्हा झाल्याचा पुरावा म्हणजे खड्डे. ज्या रस्त्याला बघाल तिथं पाइपासाठी, तारेसाठी, कधी कशासाठी हे खोदणाऱ्यालाही ठाऊक नसताना, खणून ठेवलेलं. पाइप टाकले तरी आत सोडायला पाणी नव्हतं, कारण त्याच सुमाराला पाऊस रुसला. विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकरमागे घागरी धावायला लागल्या. अशा खड्ड्यात एक निवृत्त मास्तर पडले आणि हात मोडून घेतला. ते म्हणत, चूक माझीच, मी बघून चालायला हवं होतं. दौलत वकील त्यांच्यावर असे डाफरले की मास्तरांना आपलं शाळकरी वय आठवलं असेल. "गुरुजी, खड्ड्याभोवती दोर होता? लाल कंदील होता? पाटी होती? न्हाई ना? मग तुमची चूक सांगायचं काम त्यांच्या वकिलाचं हाय, तुमचं न्हाई. आपण आधी नोटीस देऊ." पडलेला माणूस पहिल्यांदा आजूबाजूला कुणी हसतंय का ते बघतो, आणि लाजेपायी आपला हक्क तिथंच झटकून उठतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण मला सांगायची आहे ती कलावतीची गोष्ट, कारण त्या खटल्यात मी त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलो.

शहराच्या कडेला करडईच्या तेलाची एक मिल होती. तिथं बाया डोक्यावर पाटी घेऊन पेंड वाहायच्या. आत शहाबादी फरशी, तिच्यावर बारा महिने तेल. दर आठवड्याला सोडा टाकून ती धुवायची पद्धत होती. दुष्काळात मालकानं धुणं बंद केलं, टँकरचं पाणी मशिनीला पुरेना म्हणून. मग तेलावर भुसा पसरायचे. भुशानं जमीन कोरडी दिसायची, एवढंच. कलावती डोक्यावर भरली पाटी घेऊन तीन पायऱ्या उतरत होती, शेवटच्या पायरीखालच्या भुशावर पाय पडला आणि खुब्याचं हाड गेलं. वय तिशीच्या आत. पुन्हा पाटी उचलणं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

दावा सरळ होता. दौलत वकील म्हणायचे, कामावर असताना, कामामुळं पडली, की मालक भरपाईला बांधलेला. मालकानं मुद्दाम पाडलं का, हे कायदा विचारत नाही. पण मालकाचं उत्तर आलं आणि सगळं तिथंच अडलं. उत्तरात लिहिलं होतं: कलावती नावाची बाई आमच्याकडे कामाला नाही. त्या दिवशीच्या हजेरीवर पारूबाई आहे. पारूबाई ठणठणीत असून आजही कामावर येते.

आणि ते कागदोपत्री खरं होतं. पारूबाई म्हणजे कलावतीची थोरली जाऊ. आमच्याकडे मिलमध्ये, खळ्यावर, एकीच्या नावावर दुसरीनं जाण्याची चाल होती. हजेरीवरचं नाव बाईचं नसायचं, जागेचं असायचं. त्या आठवड्यात गावाशेजारी दुष्काळी काम निघालं, पारू तिथं खडी फोडायला गेली, आणि मिलमधली जागा जाऊ नये म्हणून तिनं धाकट्या जावेला आपल्या नावावर धाडलं. मुकादमानं "पारू" म्हणून हाक मारायची आणि कलावतीनं "जी" म्हणायचं, असा आठवडा चालला होता. पडली तेव्हासुद्धा सगळ्या बाया "पारू पडली, पारू पडली" म्हणूनच ओरडल्या असतील, कुणास ठाऊक.

मी आनंदानं उडालो. म्हटलं, साहेब, संपला खटला. दुष्काळी कामाच्या हजेरीवर त्याच दिवशी पारूचा अंगठा असणार. तो कागद तहसिलीतून मागवू. एक बाई एकाच दिवशी दोन ठिकाणी कशी?

"मागवता येईल," दौलत वकील म्हणाले. "मग मिलमधून पारूला खोट्या हजेरीसाठी काढतील, अन् तिकडून बी नाव कापतील. घर एक हाय त्यांचं. चूल एक हाय."

"पण आपलं अशील कला आहे."

"म्हणून तर तिला विचारलं."

कलावतीनं खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं होतं, आक्काचं नाव त्या कागदात येणार असेल तर दावा नको. खरी गंमत अशी की दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका चुलीवर दोघींची भाकरी, आणि मध्ये शब्द नाही. पारूला वाटे, कलानं माझी जागा धोक्यात घातली. कलाला वाटे, आक्कानं मला धाडलं नसतं तर... मी वकिलांना म्हणालो, तुम्ही हातचा पुरावा सोडताय, ही वकिली नाही. ते चिडले नाहीत. उठले आणि म्हणाले, "चल, मिल बघून येऊ."

जागा बघण्याची त्यांची एक रीत होती. दारात चपला काढायचे आणि अनवाणी चालायचे, पडलेल्याच्या वाटेनं, पायरी पायरीनं. मुकादम पेंडीच्या पोत्यांवर आडवा झाला होता. वकील म्हणाले, "झोपमोड केली वाटतं." त्यासरशी तो माणूस ताडकन उठला, कानाच्या पाळ्या लाल. वीस वरसं या मिलीत काढली, दिवसा डोळा लावला असंल तर आईची आन, अशी त्यानं जी सुरुवात केली ती आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबली नाही. बाहेर वकिलांनी तळपाय वर करून दाखवला, तेलानं चमकत होता. मी तेवढंच पाहिलं. ते मात्र दुसरं काहीतरी घेऊन निघाले होते, हे मला फार उशिरा कळलं.

सुनावणी नांदेडला, भरपाईच्या कमिशनर साहेबांपुढं. आम्ही एसटीनं निघालो. कलावतीचा पाय लांब ठेवायला दोन सीटा धरल्या होत्या, आणि अहमदपूरच्या पुढं मिलची जीप आम्हाला धूळ चारून पुढं गेली. जीपमध्ये मालक, मुकादम आणि मागच्या फळीवर पारू. ती मालकाची साक्षीदार होती... कलावतीनं खिडकीतून पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. वकिलांच्या मांडीवरची फाईल सुतळीनं बांधलेली, सुतळीची गाठ ते सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

मुकादमाची साक्ष आधी झाली. त्या दिवशी पारूच कामावर होती, ही दुसरी बाई भाकरी घेऊन आली असंल, तो म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मग पारू उभी राहिली. मालकाच्या वकिलानं हजेरीची वही तिच्यापुढं धरली. "हे नाव तुमचं?"

"नाव माझंच हाय."

"मिलमध्ये कामाला आहात?"

"हाय."

त्याला तेवढंच हवं होतं. तो बसला. कलावती भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान खाली घातली. आता आमची उलटतपासणी. मी वकिलांच्या कानाशी लागलो, "विचारा ना, खडीवर होतीस का म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पारूबाई, कला पडली तेव्हा ओरडली असंल."

"मला ऐकू न्हाई आलं."

"तिला उचललं कुणी?"

"मला दिसलं न्हाई."

"मुकादम कुठं होते?"

"ते बी दिसले न्हाईत."

एकही शब्द खोटा नव्हता. पारूनं नजर वर केली आणि वकिलांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटतं त्या क्षणी त्या दोघांमध्ये काहीतरी ठरलं, पण शपथेवर सांगू शकणार नाही.

"दुपारच्याला मुकादम काय करतात?"

"पेंडीच्या पोत्यावर झोपतात," पारू म्हणाली. "समद्यांना ठाऊक हाय."

मागचा बाक करकरला. मुकादम उभा होता. "झूट हाय साहेब. म्या झोपलो न्हवतो. कलीला म्या सोता उचलून जीपमधी घातलं. ही कवा होती तितं? ही तर आठ दिस कामालाच न्हवती, कलीला म्याच घेतलं हिच्या जागी."

मालकाच्या वकिलानं डोळे मिटले. कमिशनर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि मुकादमाला पुन्हा शपथेवर घ्या म्हणाले. दौलत वकिलांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. घेतलं कुणी, काम कुणाचं. बाकीचं सगळं डॉक्टरांचे कागद आपोआप बोलले. पारू त्या आठ दिवसांत कुठं होती हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि वकिलांनी सुचू दिलं नाही. जिन्यात त्यांनी मालकाला गाठून प्रेमानं सांगितलं, पारूला काढाल तर बदली बाया ठेवता हे आम्ही कामगार खात्याला नव्यानं सांगत बसू. पारू मिलमध्ये राहिली. कलावतीला भरपाई मिळाली, आणि कुबडीवर का होईना ती उभी राहिली.

तिथून स्टँडवर आलो. जीप निघाली तरी पारू तिच्यात बसली नाही. आमच्या एसटीत चढली आणि कलावतीच्या सीटेजवळ दांडीला धरून उभी राहिली. दोन सीटा पायानं अडलेल्या. गाडी सुटली. बऱ्याच वेळानं कलावतीनं दोन्ही हातांनी आपला पाय उचलून खाली घेतला, दुखलं असणार, आणि जावेकडे न बघता म्हणाली, "बस की. उभ्यानं लातूर गाठतीस का?" वकील खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, पारूला पढवलं होतंत का. "दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराला पढवणं बरं नव्हं," ते म्हणाले, आणि वर, "मुकादमाचे कान बघितले होते मी."

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दोघी जावा आल्या होत्या, आता दोघींच्याही केसांत काळा धागा नाही. कलावती पारूच्या खांद्याला धरून आली. पाहुण्यांसाठी घरच्यांनी पडवी धुऊन काढली होती आणि नव्या गुळगुळीत टाइलवर पाणी तसंच राहिलं होतं. भंतेजींनी वंदना संपवली, सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळायची होती. तेवढ्यात मागून चार-पाच म्हाताऱ्या पुढं सरकल्या, ओल्या टाइलवर कुणाचा तरी पाय सरकन् पुढं गेला, आणि त्या भरल्या शांततेत पारूबाई मोठ्यानं बोलून गेली, "पाय जपून टाका गं बायांनो, पडलात तर आता वकील न्हाई आपल्याला."